लिनक्सवर नेट अचानक बंद? कार्ड बदलण्याआधी ड्रायव्हर बघा



विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून बरेच जण उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. इथे अंबरनाथ पूर्वेलाही कोणी दिलेल्या जुन्या डेस्कटॉपवर शाळेचं काम चालवायचं म्हटलं तर हाच मार्ग परवडतो. पण एखाद्या दिवशी अपडेटनंतर नेट जातं, नेमकी यू-डायस प्लसची माहिती भरायची असते, आणि कोणीतरी सांगतं, "कार्ड गेलं, नवीन घ्या." थांबा. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कार्डाची भाषा लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, तोच समजावतो. दुभाषी गैरहजर असेल तर कार्ड असून नसल्यासारखं.

टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान). यादीत 'इथरनेट कंट्रोलर' ही ओळ शोधा. ती ओळच नसेल तर बायोसमध्ये कार्ड बंद आहे का बघा, नाहीतर बिघाड खरंच कार्डात असू शकतो. ओळ असेल तर तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' लिहिलंय का? नसेल, तर कार्ड जागेवर आहे, फक्त ड्रायव्हर चढलेला नाही.

जुन्या डेस्कटॉपवर रिअलटेकचं कार्ड फार आढळतं. त्याचा ओळख क्रमांक बहुधा १०ईसी:८१६८ असतो. गंमत अशी की याला दोन ड्रायव्हर आहेत. आर८१६९ कर्नलसोबतच येतो. आर८१६८ रिअलटेकचा स्वतःचा, तो वेगळा टाकावा लागतो. हा दुसरा प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावा लागतो, आणि ते काम डीकेएमएस करतं. त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइल्स लागतात. त्या नसल्या की अपडेटनंतर आर८१६८ तयारच होत नाही, आणि आर८१६९ ला आधीच बाजूला सारलेलं असतं. दोघांच्या भांडणात नेट बंद!

अशा वेळी 'सुडो मॉडप्रोब आर८१६९' देऊन बघा. काळ्या यादीत टाकलेला ड्रायव्हरही असा नावाने बोलावला तर येतो. नेट आलं तर निदान पक्कं झालं, पण हे फक्त संगणक बंद करेपर्यंत. कायमसाठी 'आर८१६८-डीकेएमएस' पॅकेज पूर्ण काढा आणि रीस्टार्ट करा. काळ्या यादीतली ओळ कोणी हाताने लिहिली असेल तर ती 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमधून पुसावी लागेल. माझं मत विचाराल तर सोबत येणारा ड्रायव्हर चालत असताना दुसरा टाकूच नये.

मॉडप्रोबने 'की रिजेक्टेड' असं काही सांगितलं तर सिक्युअर बूट सही नसलेला ड्रायव्हर अडवतंय. बाकी चुका 'सुडो डीमेसग' मध्ये दिसतात. तिथे 'फर्मवेअर' आणि 'फेल्ड' हे शब्द एकत्र दिसले तर फर्मवेअरचं पॅकेज हवंय.

पण नेटच नाही तर पॅकेज आणायचं कुठून? मोबाईल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. तेही जमलं नाही तर संगणक सुरू होताना ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर जुना ड्रायव्हर बहुधा तसाच असतो, त्यामुळे त्या दिवशीची माहिती तरी भरून होते.