‘मी कुठं मंजूर म्हटलं? मी तं ओके म्हटलं!’

आज आपण अशा एका शब्दाबद्दल बोलू, जो तुम्ही सकाळपासून दहादा तरी बोलल्या असाल. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा नातवाला फोनवर सांगते, "ओके, ठेव मंग." तोच आपला ओके.

या शब्दापायी आमच्या बचत गटात भांडण झालं, म्हणून हा विषय घेतला. मृगाच्या तोंडावरची बैठक होती. एका ताईला वीस हजार रुपये, दहा हप्ते, महिन्याला दोन टक्के व्याज, असं कर्ज द्यायचं अध्यक्षांनी वाचून दाखवलं. बायका जायच्या घाईत होत्या. सगळ्या म्हणाल्या, "ओके, ओके." मी तेव्हा सचिव होते. मी रजिस्टरात लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर’. आठ दिवसांनी दुसरी एक काकू बी-बियाण्यासाठी पैसे मागायला आली, तर गटाजवळ पैसेच नव्हते. मी तिला रजिस्टर दाखवलं, सही दाखवली. ती चिडून म्हणाली, "मी कुठं मंजूर म्हटलं? मी तं ओके म्हटलं! तू वाचून रायली होती, मी आयकून रायली होती." पुढच्या दोन बैठकींना ती आलीच नाही. सावकाराकडून पैसे घेऊन तिनं पेरणी केली.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तिचं काही चुकलं नव्हतं.

हा शब्द मुळात गमतीतून जन्मला. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या एका वर्तमानपत्रात २३ मार्च १८३९ रोजी तो छापून आला. त्या काळी तिथल्या लिहिणाऱ्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची पहिली अक्षरं छापायची हौस होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे सगळं बरोबर. ते चुकवून लिहिलं आणि झालं ‘ओके’. पुढच्याच वर्षी तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो गाजला. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचं गाव किंडरहूक, म्हणून त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत. त्याचीही अक्षरं तीच! मग तार खात्यातून, रेल्वेतून तो जगभर गेला.

आपल्याकडे तो ट्रकच्या मागे जाऊन बसला, ‘हॉर्न ओके प्लीज’. विनाकारण हॉर्न वाजवायला चालना मिळते म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते लिहायला बंदी घातली. आणि २०२२ च्या जून महिन्यात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटेलाचं कौतुक करून ‘ओक्के’ म्हणाले, ते तर लेकरांच्याही तोंडी झालं. राजकारण बाजूला ठेवा, शब्द पाहा. तिथं ओक्के म्हणजे एकदम झकास. पण घरी विचारा, "भाजी कशी झाली?" उत्तर येतं, "ओके आहे." म्हणजे गिळता येते, एवढंच! भाजी चांगली झाली तर ‘बेस झाली’ म्हणायला कुणाची जीभ झिजते?

आपल्या भाषेत या एका ओकेच्या जागी किती शब्द आहेत पाहा. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘समजलं’ म्हणजे डोक्यात शिरलं, पण पटलंच असं नाही. ‘चालते’ म्हणजे माझी पहिली पसंती ही नव्हे, पण मी आड येत नाही. ‘जमते’ म्हणजे मला करणं शक्य आहे. ‘पटलं’ हे मनाचं. ‘मंजूर’ मात्र बांधून घेणारा शब्द आहे, उद्या त्याचा जाब देता आला पाहिजे. आणि आपल्याकडचं ‘पाहू’ म्हणजे बहुतेक वेळा गोड शब्दातलं नाही. ओके म्हटलं की यातलं नेमकं काय म्हटलं, ते ऐकणारा त्याच्या सोयीनं ठरवतो. आमच्या बैठकीत सोय माझी होती, कारण पेन माझ्या हातात होता.

आपल्याच जिल्ह्यात पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथले निर्णय सर्वसंमतीने होतात. बहुमत नाही, सर्वांची संमती. आपल्या रजिस्टरातही आपण ‘सर्वानुमते’ लिहितो, पण अनुमत विचारायला किती वेळ देतो?

फोनवरचा ओके तर आणखी पक्का. पडद्यावरचं ओके दाबलं म्हणजे ‘ऐकलं’ नव्हे, ‘मंजूर’. काय लिहिलंय ते वाचता येत नसेल तर दाबू नका, घरच्या कुणाकडून वाचून घ्या. एक पक्कं ध्यानात ठेवा. आपल्या खात्यात पैसे येणार असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत. फसगत झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. लाजेपायी दोन दिवस घालवू नका.

आमच्या गटात आता कर्जाचा विषय निघाला की आधी रक्कम, हप्ते, व्याज आणि गटाजवळ किती पैसे उरणार, हे मोठ्यानं वाचतात. मग एकेकीला नावानं विचारतात, "समजलं का?" सगळ्यांचं झालं की दुसरी फेरी, "मंजूर हाय का?" सूचक कोण, अनुमोदक कोण, ते तिथंच लिहितात. बैठक पंधरा मिनिटं लांबते, त्यावर कुरकुर होतेच.

रुसलेली काकू तिसऱ्या बैठकीला परत आली. आता ती दारापाशी बसते आणि कुणी घाईत ओके म्हटलं की तिथूनच विचारते, "कोणतं ओके व माय?"