परदेशी निघालेल्या आईवडिलांचा प्रवास विमा

उलव्याच्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि विमान गाठण्यासाठी आजवर खाडी ओलांडून सहारपर्यंत जाणाऱ्या या शहराला स्वतःचा विमानतळ मिळाला. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या भागांतील कितीतरी घरांतली मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी आहेत, आणि लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी चार-सहा महिने अमेरिकेत राहून येणे हे साठी उलटलेल्या दांपत्यांच्या आयुष्यातले एक नेहमीचे पर्व झाले आहे. या प्रवासाची तयारी कित्येक आठवडे चालते, लोणच्या-मसाल्यांच्या पुड्यांचेही वजन करून पाहिले जाते, पण प्रवास विमा मात्र तिकीट काढताना पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीत खूण करून, त्यातही सर्वांत कमी हप्त्याचा पर्याय निवडून, दोन मिनिटांत उरकला जातो. ही घाई फार महाग पडू शकते.

प्रवास विमा म्हटले की हरवलेली बॅग आणि चुकलेले विमान डोळ्यांसमोर येते. कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. विमा अधिनियम, १९३८ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने आरोग्य विमा व्यवसायाची जी व्याख्या केली, तिच्यात प्रवासासाठीच्या विमा संरक्षणाचाही समावेश आहे. हे वर्गीकरण वस्तुस्थितीला धरूनच आहे, कारण बॅग हरवल्याने कोणतेही कुटुंब कर्जात बुडत नाही, पण परदेशातील रुग्णालयाचे एक बिल आयुष्यभराची पुंजी संपवू शकते. शिवाय घरी वर्षानुवर्षे भरत आलेली मेडिक्लेम पॉलिसी सर्वसाधारणपणे भारतात घेतलेल्या उपचारांपुरतीच असते, ही बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही.

युरोपला जाणाऱ्यांवर हा विमा घेण्याची सक्तीच आहे. शेंगेन गटातील २९ देशांचा अल्पकालीन व्हिसा मागणाऱ्याकडे किमान ३०,००० युरोंचे संरक्षण असावे, ते या सर्व देशांत लागू असावे आणि तातडीच्या उपचारांबरोबरच रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात यावा, असा नियम आहे. याउलट पर्यटक व्हिसा देताना अमेरिका विम्याचा कागद मागत नाही, आणि वैद्यकीय उपचार जगात सर्वांत महाग जिथे आहेत, तो देश तोच. परिणामी, जिथे वकिलात विचारते तिथे सगळे विमा घेतात आणि जिथे त्याची खरी निकड आहे तिथे तो घेणे न घेणे प्रवाशाच्या मर्जीवर राहते.

ज्येष्ठांच्या बाबतीत सारा प्रश्न ‘आधीपासूनचा आजार’ या एका संज्ञेपाशी येऊन थांबतो. पॉलिसी घेण्यापूर्वी ज्याचे निदान झाले आहे किंवा ज्यावर उपचार चालू आहेत, असा आजार म्हणजे आधीपासूनचा आजार. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा हे सारे यात येतात. बऱ्याच पॉलिसींत अशा आजारांवरील खर्च पूर्णपणे वगळलेला असतो. काहींत तो मिळतो, पण जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरता, रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंत आणि मूळ विमा रकमेपेक्षा बऱ्याच कमी मर्यादेत. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वडिलांना परदेशात हृदयविकाराचा झटका आला, तर कंपनी त्या झटक्याचा संबंध जुन्या रक्तदाबाशी जोडू शकते, आणि मग पॉलिसीतील त्या एका वाक्यावर लाखो रुपयांचा निर्णय ठरतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हप्त्याचा नसून, ‘या आजारातून काही उद्भवले तर किती आणि कोणत्या अटीवर मिळेल’ हा असायला हवा, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यायला हवे. हप्ता वाढेल या भीतीने आजार लपवणे हा तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर, म्हणजे दोन्ही पक्षांनी महत्त्वाची माहिती न लपवण्याच्या बंधनावर उभा असतो. दावा दाखल होताच कंपनी जुनी वैद्यकीय कागदपत्रे मागवते, आणि लपवलेली गोष्ट उघड झाली की दावा फेटाळला जातो.

विमा रकमेचा आकडाही फसवा असू शकतो. पॉलिसीवर ५०,००० डॉलर लिहिलेले असले, तरी एका आजारामागे, खोलीभाड्यामागे किंवा शल्यविशारदाच्या शुल्कामागे स्वतंत्र उपमर्यादा असू शकतात, आणि ठरावीक वयापुढे त्या अधिक कडक होतात. त्यातच ‘डिडक्टिबल’ असते, म्हणजे प्रत्येक दाव्यात प्रवाशाने स्वतः सोसायची सुरुवातीची रक्कम; ती १०० डॉलर असेल तर ९०० डॉलरच्या बिलापोटी ८०० डॉलरच मिळतात. अमेरिकेतील मुले तिथल्या कंपन्यांकडून आईवडिलांसाठी विमा घेतात, तेव्हा त्यांनीही प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी स्वस्त योजना आणि बिलाचा मोठा हिस्सा उचलणारी सर्वसमावेशक योजना यांतला भेद नीट पाहावा, कारण पहिलीत बिल आणि भरपाई यांच्यात मोठी दरी राहते.

विमा घेण्याची वेळही महत्त्वाची असते, कारण विमा अनिश्चित घटनेचा असतो. वादळाची वा संपाची बातमी आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या घटनेपुरती निरुपयोगी ठरते. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढ मागावी लागते. परदेशात रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर भारतीय कंपनीने नेमलेल्या साहाय्य संस्थेला तत्काळ कळवणे हे विनारोकड उपचार मिळण्याच्या दृष्टीने निर्णायक असते; तो दूरध्वनी क्रमांक केवळ मोबाइलमध्ये न ठेवता आईच्या पर्समध्ये आणि मुलाच्या घरी कागदावर लिहून ठेवलेला बरा. सामानाची मोडतोड झाल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीकडून तक्रारीची लेखी नोंद घ्यावी. तिच्यावाचून विम्याचा दावा लंगडा पडतो.

प्रवास विमा परदेशवारीपुरताच नसतो; देशांतर्गत रेल्वेप्रवासासाठी आयआरसीटीसीवर ऑनलाइन आरक्षण करताना २०१६ पासून ऐच्छिक विमा मिळतो, ज्यात काही पैशांच्या हप्त्यात अपघाती मृत्यूसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. मात्र तिकिटानंतर येणाऱ्या दुव्यावर नॉमिनीचे नाव भरायचे असते, आणि नेमके तेच राहून जाते.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी, आणि एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत ही तक्रार करायची असते, तिला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे. नवी मुंबईकरांसाठी हे कार्यालय ठाण्यात आहे.