वेग सैल हातातून येतो
पियानोवर वेग हवा तर बोटं मजबूत करा, हा सल्ला फार जुना आहे आणि अर्धाच खरा. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. ती तळाला टेकण्याच्या बेतात असतानाच आतली हातोडी सुटून तारेवर आपटते. त्यानंतर कितीही दाबलं तरी सुरात काडीचा फरक पडत नाही, दमतो तो हात. बोटं वाकवणारे मोठे स्नायूही बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात. अनामिका तर शेजारच्या बोटांशी जखडलेली. मधलं बोट मुडपून हात टेबलावर ठेवा आणि ती एकटी उचलून बघा! सगळी बोटं सारखी करण्याचा खटाटोप संगीतकार शोपँला निसर्गाविरुद्ध वाटे. शिष्यांना तो बी मेजर सप्तक आधी देई, कारण त्यात लांब बोटं आपोआप काळ्या पट्ट्यांवर पडतात.

मग बोटं मजबूत करण्यासाठी पियानो शिकणारे गिरवतात ते आनाँचे १८७३ सालचे ६० व्यायाम आणि चेर्नीचे पाठ फेकून द्यायचे का? तसं नाही. बोट किती उंच उचललं यापेक्षा वाजवून झाल्यावर किती चटकन सैल सोडलं, याकडे लक्ष असेल तर तेच पाठ कामी येतात. संथ रियाज हवाच, असंही कुणी म्हणेल. हवाच, पण संथ लयीत अंगठा तळहाताखालून सावकाश सरकतो, द्रुत लयीत त्याला तेवढी सवड नसते, अख्खा हातच बाजूला सरकावा लागतो. म्हणून चारच सूर पूर्ण वेगात वाजवून थांबावं, हात सैल सोडावा, मग पुढचे चार.