दिवा उजेडासाठी की पाळतीसाठी?

रस्त्यावरचा दिवा कोणाचा, असे विचारले तर लोक हसतील. खांब महापालिकेचा, बिल करदात्याचे, उजेड सर्वांचा. पण त्याच खांबावर कॅमेरा आणि सेन्सर बसवले, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होऊ लागली, तर ती नोंद कोणाची? ती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कोणाविरुद्ध वापरणार? हा प्रश्न आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो शहराच्या नागरिकांना तो विचारावा लागला आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. त्यांच्या लढ्यातून आम्हाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये सॅन डिएगोच्या नगर परिषदेने सुमारे ३ कोटी डॉलरची एक योजना फारशा चर्चेविना मंजूर केली. जनतेला सांगण्यात आले ते एवढेच की, जुने दिवे काढून एलईडी दिवे लागतील, विजेची बचत होईल, वाहतूक आणि वाहनतळांची माहिती मिळेल, हवेचे तापमान कळेल. विजेच्या बचतीला विरोध कोण करणार? कोणीच केला नाही. त्यानंतर शहरभर सुमारे ३,२०० दिव्यांवर कॅमेऱ्यासह सेन्सर चढले.

ऑगस्ट २०१८ मध्ये पोलिसांनी एका खुनाच्या तपासात त्या कॅमेऱ्यांचे चित्रण प्रथम वापरले. पुढे शेकडो प्रकरणांत वापरले. दिव्यावर कॅमेरा आहे आणि तो पोलीस पाहतात, हे सामान्य नागरिकांना कळले २०१९ उजाडल्यावर. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कृष्णवर्णीय रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या निदर्शनांच्या काळातले चित्रणही पोलिसांनी तपासले. वाहने मोजायला बसवलेले यंत्र मोर्चातली माणसे पाहू लागले! यंत्र तेच राहिले, फक्त त्याचे काम बदलले आणि काम बदलताना ज्यांच्या पैशातून ते आले होते त्यांना कोणी विचारले नाही.

तेथील नागरिक मात्र गप्प बसले नाहीत. कृष्णवर्णीय, मुस्लिम, निर्वासित, स्थलांतरित अशा ज्या समाजांवर पोलिसांची नजर आधीपासूनच रोखलेली असते, त्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन आघाडी उभारली. त्यांची मागणी सरळ होती. पाळत ठेवू शकणारे कोणतेही यंत्र विकत घेण्याआधी ते कशासाठी, किती किमतीचे, माहिती कोणाकडे जाणार, हे जाहीर करा आणि जनतेसमोर मंजुरी घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये महापौरांना हे कॅमेरे बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. कॅमेऱ्याची वीज दिव्याच्या विजेशी अशी जोडलेली होती की, दिवा विझवल्याशिवाय कॅमेरा बंद होईना. उजेड हवा असेल तर पाळत सोसा, असाच हा करार होता!

२०२२ मध्ये तेथे पाळतीच्या यंत्रांवर देखरेखीचा नियम झाला, नागरिकांचे सल्लागार मंडळ नेमले गेले. पण आम्ही वाचकांना अर्धे सत्य सांगणार नाही. २०२३ मध्ये पोलिसांनी पुन्हा ५०० स्मार्ट दिव्यांचा प्रस्ताव आणला, या वेळी गाड्यांचे क्रमांक वाचणाऱ्या यंत्रासह. सल्लागार मंडळाने तो नाकारावा असे सांगितले. नगर परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये तो मंजूर केला. सल्ला ऐकणे बंधनकारक नसेल तर सल्लागार मंडळ ही केवळ शोभेची वस्तू ठरते.

कॅनडातील टोरांटोत लढा न्यायालयाच्या वाटेने गेला. गुगलच्या पालक कंपनीची ‘साइडवॉक लॅब्स’ तेथे किनाऱ्यालगतची १२ एकर जागा सेन्सरने भरलेली वस्ती म्हणून विकसित करणार होती. एप्रिल २०१९ मध्ये कॅनडाच्या नागरी स्वातंत्र्य संघटनेने या योजनेविरुद्ध दावा दाखल केला. मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण सांगून माघार घेतली.

‘ते तिकडचे, आमचा काय संबंध?’ असे कोणी म्हणेल. संबंध आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेले स्मार्ट सिटी अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. त्यात देशातील १०० शहरे होती, त्यात महाराष्ट्रातील पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूरसह आठ. या शहरांत कॅमेरे आणि सेन्सरची माहिती गोळा करणारी नियंत्रण केंद्रे उभी राहिली. ही कामे महापालिकेच्या सभागृहाऐवजी कंपनी कायद्याखाली काढलेल्या स्वतंत्र कंपन्यांच्या हाती दिली गेली. त्यातच मार्च २०२२ नंतर पुणे, नागपूर, मुंबईसह अनेक महापालिका काही वर्षे नगरसेवकांविना, प्रशासकाच्या हाती होत्या. मग जनतेने जाब विचारायचा कोणाला?

आणि पाळतीचा पहिला फास कोणाच्या हातात पडतो, तेही पाहा. नागपूर, पंचकुला, चंदीगडमध्ये जीपीएसची घड्याळे बांधली गेली ती सफाई कामगारांच्या मनगटावर! कंत्राटदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या मनगटावर ती बांधल्याचे आम्ही ऐकलेले नाही. चंदीगडचे कामगार या घड्याळांविरुद्ध रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे.

कायदा आमच्या बाजूने आहे, पण तो हाती घेतला तरच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून हा हक्क संपत नाही, हेही त्यात नमूद झाले. त्यावर बंधन घालायचे तर तीन कसोट्या आहेत: त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आमचा सवाल असा की, चौकातला सेन्सर कोणत्या कायद्याखाली बसला? निविदा आणि कार्यादेश म्हणजे कायदा नव्हे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे खरा, पण त्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या मर्जीतील शासकीय यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे. कुंपणानेच शेत खाण्याची ही सोय आहे.

सार्वजनिक जागेचा हक्क म्हणजे काय, हे आम्हाला परक्याने शिकवायला नको. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या ठरावाची अंमलबजावणी केली, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. तळे खासगी असल्याचा दावा घेऊन सनातनी न्यायालयात गेले. निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला, पण मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. नगरपालिकेचे ठराव येतात आणि जातात, हे महाडने शिकवले आणि २०२३ च्या सॅन डिएगोने पुन्हा दाखवून दिले.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे. आपल्या प्रभागात नवा खांब उभा राहिला की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ठरावाची प्रत, कराराची प्रत, माहिती कुठे साठते, किती दिवस राहते, पोलिसांना कोणत्या आदेशाने मिळते, हे लेखी मागा. उत्तर आले नाही तर अपील करा. उत्तर आले आणि त्यात कायद्याचा आधार नसेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. वकील आपल्यात आहेत, कमी आहे ती कागदाची. दिवा आम्हालाही हवा आहे, आमच्या वस्त्यांत तो सर्वांत शेवटी येतो. पण त्या उजेडाची किंमत आमच्या मोकळ्या चालण्याने वसूल केली जाणार असेल, तर तो हिशेब आम्ही भर सभेत मागू!