कुठेही न जाणाऱ्या नळ्या

गळीत हंगामाच्या दिवसांत सोनईच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या मुळा सहकारी साखर कारखान्याकडे एकामागून एक सरकत असताना, सातासमुद्रांपलीकडून टपालाने आलेले आणि रीतसर जकात भरून ताब्यात घेतलेले एक भलेमोठे खोके मी ओसरीवर उघडावयास घेतले. झाकणावर १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील मिलेनियम फाल्कन यानाचे चित्र होते. आत, जपानच्या बांदाई कंपनीने २०१७ साली काढलेले त्याचे १:७२ प्रमाणाचे प्लॅस्टिकचे किट, जे जोडून पुरे झाले असता सुमारे ४८ सेंटीमीटर लांब भरते. जवळच्या शनिशिंगणापुरात घरांच्या चौकटींना परंपरेने दारे बसवीत नाहीत. इथे मात्र एका खेळण्याच्या प्रत्येक जिनसेला स्वतंत्र पिशवीचा बंदोबस्त होता.

पिशव्यांतून निघाले ते रनर. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये प्रचंड दाबाने सोडले असता ज्या वाटांनी ते एकेका सुट्या भागाच्या पोकळीपर्यंत पोहोचते, त्या वाटाच थिजून ही चौकट बनते, आणि भाग तिला जिथे काडीएवढ्या टोकाने चिकटून राहतो तिथेच पुढे निपरने छाटावयाचा असतो. प्रत्येक चौकटीवर अक्षर, प्रत्येक भागाशेजारी अंक. माहितीपुस्तिका हाती धरून त्यांची रुजुवात घेणे हे पहिले काम. एक करडा रनर उन्हात तिरपा धरला, तेव्हा मघापर्यंत सपाट वाटणाऱ्या त्या पृष्ठावर नखाएवढ्या जागेत नळ्या, झडपा, पेट्या, पट्ट्या आणि केसासारख्या बारीक सांध्यांच्या रेषा अशा काही उमटल्या की, गोंदाच्या थेंबावाचून नुसत्या दाबाने जुळणाऱ्या या तुकड्यांचे साचे कोरणाऱ्या कारागिराविषयी मनात आदरच दाटला.

शेजारचे तात्या, ज्यांची हयात साखर कारखान्यांत फिटर म्हणून गेली, चष्मा कपाळावर चढवून तो रनर डोळ्यांशी नेऊन बराच वेळ न्याहाळत होते.

“गुरुजी, ही लाइन कुठनं येती अन् कुठं जाती?”

कुठेच जात नाही, असे मी सांगितले. ज्यांच्या लेखी नळी म्हणजे एका टोकाला रस किंवा वाफ आणि दुसऱ्या टोकाला जबाबदारी, त्यांना हे उत्तर मुळीच रुचले नाही. मग त्यांचे बोट एका तुकड्यावर थांबले. “हे मात्र खोटं नाही. हे कुठल्या तरी इंजिनाचं हाय. इथलं नाही, पण खरं हाय.”

तात्यांचे निदान इतिहासाला धरूनच होते. १९७५ साली जॉर्ज लुकास यांनी उभारलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेच्या कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील कर्मशाळेत फाल्कनची जी मोठी प्रतिकृती चित्रीकरणासाठी घडली, तिच्या पाठीवरचा यंत्रसंभार कारागिरांनी बाजारात मिळणारी रणगाड्यांची, तोफांची व मोटारींची किटे फोडून, त्यांचे तुकडे डकवून साधला होता. म्हणजे कुणा रणगाड्याचा एखादा अवयव आधी खेळणे झाला, मग आकाशयानाचे अंग झाला, आणि त्या यानाबरहुकूम बांदाईने साचे कोरले तेव्हा पुन्हा खेळण्यात परतला. याला नकलेची नक्कल म्हणून हिणवणारे हिणवोत. माझ्या मते या यानाची सारी विश्वसनीयता त्या उसन्या अवयवांतच आहे, कारण निव्वळ कल्पनेने रेखाटलेली यंत्रे बहुधा फार गुळगुळीत होतात, आणि ज्या यंत्राला कधी कोणी दुरुस्त केले असेल असे वाटत नाही, त्यावर प्रेक्षकाचा भरवसा बसत नाही.

बाकीचा तपशील झटपट उरकला. जेमतेम अडीच सेंटीमीटर उंचीची माणसे, जी रंगवावयास डोळे आणि धीर दोन्ही लागतील. पाण्यात भिजवून लावावयाची चिन्हे. आणि सर्वांत तळाशी, इंजिनाची निळी प्रभा दाखवणारा दिव्यांचा संच.

“म्हणजे दिवे तरी खरे लागतात?” तात्यांनी विचारले.

“लागतात.”

“मग पत्रे बसवायच्या आधी वायरिंग तपासून घ्या. मागनं उघडायला लागलं तर लई ताप होतो,” असे बजावून ते उठले.