कामठीची ‘ब्रिगेड’ आणि आपले गैरसमज

भंडारा रोडहून नागपूरला निघालेली गाडी कन्हान नदी ओलांडून कामठीला येते. काळी ट्रंक सावरत, केस बारीक कापलेली दोन-चार पोरं उतरतात आणि डब्यातलं कुणीतरी हमखास सांगतं, “इथं गार्ड्सची ब्रिगेड आहे ना!”

गैरसमज: कामठीत गार्ड्सची ब्रिगेड आहे.

वस्तुस्थिती: नाव ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ असलं, तरी ती पायदळाची एक रेजिमेंट आहे, मराठा लाइट इन्फन्ट्री किंवा महार रेजिमेंटसारखी. कामठीत तिचं केंद्र आहे. रंगरूट तिथे तयार होतात आणि मग आपापल्या बटालियनला जातात. रेजिमेंट म्हणजे सैनिकाचं घराणं. लढाईतली ब्रिगेड वेगळी: एका ब्रिगेडियरच्या हुकमाखाली साधारण तीन बटालियन, त्याही बहुधा वेगवेगळ्या घराण्यांच्या.

१९७१ च्या युद्धात हे स्पष्ट दिसतं. ५७ माउंटन डिव्हिजनमध्ये १४ गार्ड्स ही बटालियन ७३ माउंटन ब्रिगेडकडे होती, तर ४ गार्ड्स ३११ माउंटन ब्रिगेडकडे. घराणं एक, हुकूम दोन ठिकाणचे. मेघनेवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला, तेव्हा ९ डिसेंबरला ४ गार्ड्सचे जवान हेलिकॉप्टरने नदीपलीकडे रायपुऱ्याला उतरले. तिथून ढाक्याचा रस्ता खुला झाला.

गैरसमज: गार्ड्स म्हणजे पहारेकरी.

वस्तुस्थिती: याचं उत्तर गंगासागरला मिळतं. आगरतळ्याच्या पश्चिमेला, आखौऱ्याजवळचं हे ठाणं त्याच युद्धात १४ गार्ड्सने ३ डिसेंबरच्या रात्री गाठलं. शत्रूची लाइट मशीनगन आपली माणसं टिपत होती. लान्स नायक अल्बर्ट एक्का बंकरवर धावून गेले, संगिनीने दोघांना मारलं, स्वतः जखमी झाले. पुढे एका दुमजली इमारतीतून मशीनगन सुरू झाली. एक्का सरपटत भिंतीपर्यंत गेले, बंकरमध्ये हातबाँब टाकला, आत शिरले आणि ती मशीनगन बंद पाडली. त्या जखमांनीच त्यांचा प्राण गेला. पहारा हे सैनिकाचं कामच आहे, पण गार्ड्स हे नाव मानाचं आहे.

गैरसमज: रेजिमेंट ठरावीक जातीची असते, आपल्या पोराला तिथे जागा नाही.

वस्तुस्थिती: काही जुन्या रेजिमेंटमध्ये तशी परंपरा आहे. जनरल करिअप्पांनी १९४९ मध्ये गार्ड्स उभारले ते मात्र जात-प्रांत न बघता, सगळ्या देशातून भरती करायची म्हणूनच. एक्का हे आजच्या झारखंडमधल्या गुमला भागातले उराँव आदिवासी होते. साकोली-लाखनीकडची जी पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांच्या घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर मिळालेलं एकमेव परमवीर चक्र याच रेजिमेंटच्या जवानाचं, एक्का यांचं आहे.