जर्जर वृद्धांची घरीच शुश्रूषा : 'ऑन लोक'चा प्रयोग

सॅन फ्रान्सिस्को येथील चायनाटाउन भागात १९७१ साली 'ऑन लोक' ही संस्था स्थापन झाली. कँटनी भाषेतील या नावाचा अर्थ शांत, सुखी निवास असा आहे. परावलंबी वृद्धास आपली भाषा, अन्न व शेजार सोडून शुश्रूषागृहात जाणे हाच एक मार्ग का असावा, हा तिच्यापुढील प्रश्न होता. वृद्धांस गाडीने दिवसकेंद्रात आणावयाचे, तेथे औषधोपचार, व्यायाम व भोजन द्यावयाचे आणि पुन्हा घरी पोहोचवावयाचे, ही तिची पद्धती.

तिचे खरे वैशिष्ट्य मात्र अर्थव्यवहारात आहे. १९८३ पासून संस्थेस प्रत्येक सभासदामागे शासकीय योजनांकडून दरमहा ठराविक रक्कम मिळू लागली. रुग्णालयाचा खर्चही त्याच रकमेतून भागवावयाचा. साहजिकच, मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा न्हाणीघरात आधाराचा दांडा बसविणे संस्थेच्या हिताचे ठरते. अर्थात उपचारात हात आखडता घेण्याचा मोहही येथेच दडलेला आहे. म्हणूनच निर्णय वैद्य, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते अशा मंडळाने घ्यावयाचा असतो. या मंडळात गाडीचालकही असतो, हे विशेष होय. कारण वृद्धाच्या दाराशी तोच जातो आणि आज दार उघडण्यास विलंब झाला, हे प्रथम त्याच्याच ध्यानी येते.

१९९७ च्या कायद्याने ही पद्धती अमेरिकेत 'मेडिकेअर'चा स्थायी भाग झाली. वयाची ५५ वर्षे पूर्ण असावीत आणि शुश्रूषागृहाइतक्या देखभालीची गरज प्रमाणित झालेली असावी, अशा तिच्या अटी आहेत. तथापि सभासदास आपला जुना वैद्य बहुधा सोडावा लागतो, आणि अनेकांचे पाऊल तेथेच अडते.